हात धुवायचं पिंप

दुष्काळाच्या त्या साली बीड जिल्ह्यात कुणी माणूस मारला तर लोक निदान कारण तरी विचारायचे. पाणी सांडलं तर तेवढंही नाही. मनकर्णाला हे कुणी शिकवायला नको होतं, ती केजजवळच्याच खेड्यात वाढलेली. तरी तिनं सांडलं, आणि भर दुपारी, सगळ्या लोकांदेखत सांडलं.

मनकर्णा सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. ऊस जळून गेला, कारखाना थंड पडला आणि साखरेच्या रिकाम्या गोदामात पटकीच्या पेशंटांच्या खाटा पडल्या. खडी फोडायच्या दुष्काळी कामावरून माणसं बैलगाडीत घालून आणायचे. जुलाब-उलट्यांनी पार पिळून निघालेली असायची ती. डॉक्टर स्वतःच आजारी पडून अंबाजोगाईला गेले. मागं सलाइन लावणारे दोघंच उरले, मनकर्णा आणि कंपाउंडर रहीम. मग रहीमही खाटेवर पडला, आणि आज सकाळी तो गेला.

रडायला सवड कुणाला होती? पण मनकर्णाचं डोकं काही थाऱ्यावर नव्हतं. हात धुतल्याशिवाय आपण पाण्याच्या घोटाला शिवत नाही. दारात पिंप आहे, पिंपावर साबणाची वडी आहे. रहीम तर धुऊन धुऊन हाताची सालटी काढायचा. मग ही अवदसा आमच्यात शिरली कुठून?

उत्तर जाईबाईनं दिलं, तेही न विचारता. जाईबाई म्हणजे वॉर्डातली आया, कामाला वाघीण आणि मनानं गाय. पेशंटचं अंग धुताना ती खाटेखाली घमेलं धरायची. दुष्काळात घरोघर हेच चालायचं. बाजेवर बसून आंघोळ करायची, खाली भांडं ठेवायचं, त्याच पाण्यात धुणं आणि उरलं ते गुरांना. तसलं भरलेलं घमेलं घेऊन जाईबाई दाराकडं निघाली होती.

"हे कुठं वतायलीस, जाईबाई?"

"पिंपात की. तुरटी फिरवलीया, वस्त्रगाळ केलंय. बगा, कसं नितळ हाय."

"रोजच वततीस?"

"मंग? टँकर कवा येतोय, कवा न्हाई. पानी वाया घालवून पाप कावून लावून घ्यावं, बाई?"

रहीम ज्यात सालटी जाईस्तोवर हात धूत होता, ते पटकीचंच पाणी होतं. तिनं दाराबाहेर पाहिलं. पेशंटांचे नातेवाईक पिंपाभोवती दाटले होते आणि दिंद्रुडच्या आश्रुबानं तांब्या पार आत बुडवला होता. त्याची बायको सरूबाई आत खाटेवर होती, सलाइनवर कशीबशी तगलेली.

मनकर्णा धावली. तिनं पिंपाला खांदा लावला आणि सगळा जोर लावून ते आडवं केलं. पाणी भसकन सांडलं आणि भेगाळलेल्या जमिनीनं ते बघता बघता गिळून टाकलं.

"माझी सरू पानी पानी करायली आन तू वतायलीस?" आश्रुबाचा आवाज चिरकला.

"पटकी हाय त्यात. रहीमभाई ह्यानंच गेला," ती ओरडली, पण ऐकतो कोण.

गर्दीतून कुणीतरी बोललं, "ह्यांला पानी शिवू दिलं की असा माज येतो."

छप्पन सालापासून मनकर्णाचं घर बौद्ध, पण गावाला जुनी जात पाठ होती. तिच्या आज्याला विहिरीवर पाणी घेतलं म्हणून मारलं होतं. नातीला पाणी सांडलं म्हणून मारायला लागले. झिंज्या धरून तिला फरपटत नेलं. मधे पडलेल्या जाईबाईच्या कमरेत लाथ बसली. बायका ओल्या मातीवर पदर पसरून तोंडात पिळायला लागल्या. मनकर्णानं पडल्या जागेवरूनच पाय झाडून त्यावर माती उडवली, आणि मग तर लोकांनी धरबंदच सोडला. आश्रुबानं खडी फोडायचा हातोडा उलटा धरून दांड्यानं हाणलं. तिनं उजवा हात आडवा घातला. मनगट कडकन मोडलं.

तेवढ्यात आतून हाक आली, सरूबाईनं झटके देत सुई उपसली म्हणून. गर्दी जागच्या जागी थिजली. आश्रुबा आत पळाला, आणि तसाच माघारी आला.

"बाई, सुई लाव. चल."

मनकर्णा उठली. ओठ फाटला होता, एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. त्याच्याच खांद्याला धरून ती आत गेली. सरूबाईच्या शिरा आटून आत गेल्या होत्या. तसली शीर सापडायची ती मनकर्णाच्या उजव्या हाताच्या बोटांनाच. तिनं डाव्या हातानं टोचून पाहिलं. सुई घसरली. पुन्हा टोचली, तर कातडीखाली नुसतं टेंगूळ आलं. रहीम हवा होता, असं तिला वाटलं.

आश्रुबानं तिचा मोडका हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट सुईभोवती वळवायला लागला. "ह्या हातानं लाव, बाई. ह्या हातानं येतंय तुला," तो विनवत होता. आत हाडावर हाड घासत होतं. मनकर्णानं हात ओढून घेतला नाही. ती सरूबाईच्या तोंडाकडं बघत होती. ते उघडंच राहिलं होतं, आणि आश्रुबानं अजून तिकडं पाहिलं नव्हतं.