डोरलं म्हणजे स्क्रॅच

"छत्तीस वर्षं स्टील प्लांटात रेल तपासली मी. पटरीवरची केसाएवढी चीर या दोन डोळ्यांनी पकडली. अन् मले एक फोटो साफ करायचं सॉफ्टवेअर निवडता येनार नाही?"

केवलराम हे बोलला तेव्हा लॅपटॉप त्याच्या मांडीवर उलटा होता. सुनेनं, रेणूनं, तो सुलटा करून दिला.

गोष्ट अशी, की मराठी मंडळानं पन्नास वर्षं संसार केलेल्या जोडप्यांचा सत्कार काढला होता. स्टेजवर लग्नाच्या फोटोचं फ्लेक्स लागणार होतं. अन् केवलराम-रंभाच्या लग्नाचा फोटो होता एकच. साकोलीकडच्या मांडवात त्या दिवशी कोट अन् काळा चष्मा फक्त शेषरावकडं होता. शेषराव म्हणजे केवलरामचा लंगोटीयार. फोटोग्राफरले वाटलं, हाच नवरदेव, म्हणून त्यानं मशीन त्याच्यावरच रोखलं. त्यामुळं मागं उभ्या शेषरावच्या कोटाची बटनं मोजता येत होती, अन् पुढं बसलेले नवरा-नवरी होळीच्या धुरात सापडल्यासारखे दिसत होते.

रंभाचं मागणं साधं होतं. "लग्नघरात आरसा एकच होता, तो तुमच्या बहिनींनी अडवला. नवरी म्हनून माहं तोंड मी अजून पाह्यलं नाही. तेवढं दिसू द्या. तुमचं आलं न आलं, चालते."

"बाबा, एक ॲप है ना, दो मिनट का काम है," रेणू म्हणाली.

"दोन मिनिटं? प्लांटात झाडू घ्यायचा झाला तरी तीन कोटेशन लागतात, पोरी!"

झालं. केवलरामनं जुनी डायरी काढली, पट्टीनं रेघा मारल्या, वर लिहिलं 'कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट', अन् कानावर लाल पेन्सिल खोचली. ओके, रीवर्क नाहीतर रिजेक्ट. चौथा शेरा त्याच्या नोकरीत नव्हता.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटाचं होतं. त्यानं मांडवाच्या बांबूची गाठ न गाठ दाखवली, चटईची काडी न काडी दाखवली. रंभाचं तोंड मात्र उन्हात तडकलेल्या धानाच्या बांधीसारखं केलं, अन् दोघांच्या छातीवर आडवं छापलं: ट्रायल.

रंभानं चष्मा वर केला. "पन्नास वर्षं झाले, अन् अजून ट्रायलच सुरू हाय काय?"

रिजेक्ट.

दुसरं म्हणे डोकेबाज होतं. जे दिसत नाही ते स्वतःच्या मनानं बनवते. त्यानं गोरीपान, लांब मानेची, कोरीव भुवयांची नवरी बसवली. रंभानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"पोरगी चांगली हाय. कोनाची हाय?"

"तूच व्हय ते!"

"मंग तुमी इतके टक लावून कावून पाहून राहिले? माह्याकडं त कधी पाह्यलं नाही असं."

यावेळी लाल पेन्सिल रंभानंच चालवली.

तिसरं जुन्या फोटोंसाठीच होतं. डाग काढते, चरे काढते, मंग साफ करते. रेणूनं बटन दाबलं, निळी पट्टी हळूहळू भरली, अन् धुरातून एक तोंड वर आलं. रुंद कपाळ. नाकाजवळ तीळ. थोडी घाबरलेली, थोडी रागावलेली.

रंभाचा हात तोंडावर गेला. "हे... हे मी व्हय."

केवलरामनं पेन्सिल डायरीवर टेकवली. 'ओके'मधला 'ओ' लिहूनही झाला.

"थांबा," रंभा म्हणाली. "माह्या मुंडावळ्या कुठं गेल्या?"

गेल्या होत्या. कुंकूही गेलं होतं. गळाही मोकळा.

"आई, त्याला ना..." रेणू अडखळली. "मुंडावळ्या, डोरलं, सब स्क्रॅच लगा उसको. अन् कुंकू म्हणजे धब्बा."

"माहं डोरलं स्क्रॅच? मानूस बाजूले जिता बसला हाय, अन् लग्नाच्या दिवशीच मले विधवा करून टाकली?"

केवलरामलेही ते झोंबलं. शेवटी मेला तर तोच होता. त्यानं सेटिंग थोडी खाली आणायले लावली. डोरलं परत आलं, पण केवलरामच्या गळ्यात.

"राहू द्या," रंभा डायरी मिटत म्हणाली. "हाय तसाच लावा. धुरात का होईना, डोरलं त हाय."

केवलराम तोंड पाडून सुपेल्याच्या बाजारात गेला. फ्लेक्सवाल्या नरेशच्या हातात पेन ड्राइव्ह देऊन तीनदा बजावलं, "कुछ मत करना. सिर्फ बड़ा करना."

"बाबूजी, आप टेंशन मत लो," नरेश म्हणाला.

सत्काराच्या संध्याकाळी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत एका बाजूले रंभा, दुसऱ्या बाजूले शेषराव, मधात केवलराम. शेषरावचं आठवड्यामागंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून डोळ्यावर काळा चष्मा. लग्नाची आठवण म्हणून कोटही मुद्दाम घातलेला.

पडदा सरकला.

रंभा उभीच राहिली. फ्लेक्सवर तिचं तोंड हातभर मोठं होतं. रुंद कपाळ, तीळ, कुंकू, मुंडावळ्या, डोरल्याचा मणी न मणी. नरेशनं माणुसकी दाखवून फोटो आपल्या मनानं साफ केला होता. पण नवरदेवाच्या तोंडावरच्या मुंडावळ्या काही त्याले सुधरल्या नाही. म्हणून तो धुरकट माणूस त्यानं काढून टाकला, अन् मागचा साफ माणूस, कोट-चष्म्यासकट, पुढं ओढून रंभाच्या बाजूले बसवला.

"केवल्या," शेषराव कुजबुजला, "मी काही बोललो काय त्याले? आईशपथ नाही."

"साफ आलं व्हय," रंभा म्हणाली. तिचं दोघांकडंही ध्यान नव्हतं.

सत्कार करणारे पाहुणे रायपूरचे, कोणालेच ओळखत नव्हते. त्यांनी फ्लेक्स पाहिलं, पहिली रांग पाहिली, काळा चष्मा पाहिला, अन् शाल शेषरावच्या खांद्यावर घातली. नारळही त्यालेच दिला. टाळ्या झाल्या. जोडप्याचा फोटो काढताना फोटोग्राफरनं केवलरामले बाजूले व्हायले सांगितलं.

फोटोत केवलरामचा फक्त कोपर आला. तोही हललेला.