अकरा भोकं

“सत्तावीस साली बांधलीस ही भिंत, रावजी. पन्नास वर्षं हलायची नाही म्हणाला होतास.” खोतांनी छत्रीच्या टोकानं ढिगारा उकरला. “हा तिसराच पावसाळा.”

रावजी गवंडी चिखलात उतरला. खोतांच्या वरच्या वाडीची माती भिंतीसकट खाली आली होती. दोन माड आडवे झाले होते, आणि चिखल रावजीच्याच पडवीला येऊन टेकला होता. पडवीत त्याची सून ठमी तान्ह्या केसरला छातीशी आवळून उभी होती.

भिंत बांधताना रावजीनं तळाशी अकरा भोकं ठेवली होती. ठमीनं विचारलं तेव्हा म्हणाला होता, “सुकी माती भिंतीला निस्ती टेकून बसते, पोरी. पानी प्याली का ढकलाय लागते. त्या पान्याला वाट नको?”

तिला ते पटलं होतं. पण यंदा वैशाखात एका भोकातून सापाची कात लोंबताना दिसली, आणि केसरचा पाळणा तिथून चार हातांवर. सासरा अलिबागेला कामावर गेलेला. तिनं चुना-माती कालवली आणि अकराच्या अकरा भोकं बोटांनी ठासून बुजवली. मग कुठं तिचा डोळा लागला.

आषाढात भिंतीला पोट आलं, तेव्हा सासरा अजून अलिबागेलाच होता. ते तिला रोज दिसत होतं. उद्या निरोप धाडू म्हणत राहिली.

“बंदराच्या धक्क्याचं काम तुला मिळावं म्हणून मी शब्द टाकला होता,” खोत म्हणाले. “आता कुठल्या तोंडानं बोलू?”

रावजीनं वाकून एक चिरा उलटवला. त्याला चुन्याचा घट्ट गोळा चिकटून होता. गोळ्यावर चार बारीक बोटांचे ठसे. त्यानं ठमीकडे पाहिलं.

“मामा, ते मी...”

“केसरला आत ने. भिजल ती.” मग खोतांकडे वळून तो म्हणाला, “पाया उथळ गेला, धनी. हात म्हातारा झाला माझा.”

ठमी आत गेली. पुन्हा बाहेर येऊन सांगता आलं असतं. ती आली नाही.

धक्का परगावच्या गवंड्यांनी बांधला. रावजी मिठागरावर टोपल्या वाहू लागला. गावात त्याला ‘उथळ रावजी’ म्हणू लागले. विहिरीवर ते कानी आलं की ठमी अर्धीच घागर उचलून निघायची.

दिवाळीआधी त्यानं भिंतीची सरळ रेघ पाहायचा आपला पितळी ओळंबा राखेनं घासला आणि पाळण्यावर टांगला.

“ऱ्हाऊ दे हिला खेळाय.”

केसरनं हात मारला की ओळंबा झोके घ्यायचा, आणि थांबायचा तो अगदी सरळ. ठमी दोरी ओढायची ती पाळण्याकडे पाठ करून.