शेवटच्या बांधापर्यंत

फुएनसांताच्या संगणकातली नदी मोठी गुणाची. डोंगरात पाऊस पडला, की किती पाणी येईल, किती गाळ, त्यात किती खत, सगळं मुकाट्यानं सांगायची. बाहेरची खरी नदी, पावसापुरतीच वाहणारी रांब्ला, मात्र दोन वर्षं नुसती वाळू होऊन पडलेली. लोक तिच्यात खुशाल मोटारी लावायचे!

त्या दुपारी डोंगर काळाभोर झाला.

"बाबा, आपल्या शेतापर्यंत पोचतंय पाणी," ती म्हणाली. "भरपूर."

म्हातारा हिनेस खुर्ची घेऊन बांधाच्या तोंडाशी जाऊन बसला. बदामाची झाडं वाळत चाललेली. पाणी आलं नाही, तर उद्या सकाळी झाडं उपटायला यंत्र यायचं होतं. पुराचं पाणी आधी वरच्यानं वळवून घ्यायचं, मग खालच्यानं, अशी तिथली रीत. हिनेसचा बांध सगळ्यांत शेवटचा. वरच्या कोस्मेला दया आली. त्यानं फोन केला.

"हिनेस, माझ्या बांधाचं तोंड अर्धं बुजवू का?"

"काही नको! सताड उघड. माझी लेक म्हणते, भरपूर आहे."

एवढी फुशारकी कशाला मारावी माणसानं?

आधी ओल्या मातीचा वास आला, मग लांबून कुजबुज. मग वळणावरून तपकिरी पाणी आलं, फेस आणि रोझमेरीच्या काड्या घेऊन, झोपेत चालल्यासारखं. ऊनही पिवळं, थबकलेलं. फुएनसांताही बाबांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पाणी हळू झालं, आणखी हळू झालं, आणि चार हातांवर येऊन वाळूत गडप झालं.

फुएनसांताचे डोळे भरून आले. पाऊस, उतार, वाळू, सगळं तिनं गणितात घातलं होतं. बांधांची तोंडं तेवढी राहिली. ज्या तोंडात ती लहानपणी चिखल खेळली, तेच!

"चुकले हो, बाबा. वरच्यांचे बांध मी धरलेच नाहीत."

हिनेसनं वाकून ओला गाळ मुठीत घेतला, हुंगला.

"पुन्हा येईल का गं?"

"ठाऊक नाही, बाबा. खरंच ठाऊक नाही."

म्हातारा चक्क हसला. "अगं, या 'ठाऊक नाही'वरच तर जन्मभर शेती केली मी. लाव त्या यंत्रवाल्याला फोन. म्हणावं, उद्या येऊ नकोस."