दोर किंवा वाटा

फानियासचा खोकला त्याला घेऊनच जाणार, हे वैद्याच्या आधी त्याच्या धाकट्या भावाने, ख्रेमोनने ओळखलं होतं. घराणं जुनं, जैतुनाची बाग मोठी आणि वारस एकच, उतारवयात झालेला कालिप्पोस. त्या पोराची आई अथेन्सची नव्हेच, थ्रेसहून आणलेली दासी, अशी कुजबूज ख्रेमोनने घरोघरी पेरून ठेवली होती. परक्या बाईचं पोर वारस ठरत नसे; मग बाग ख्रेमोनचीच.

आज भावकीचा सण होता. झ्यूसच्या वेदीपाशी बाप मेंढा आणतो आणि हा माझा औरस मुलगा म्हणून शपथ घेतो. ज्याची हरकत असेल त्याने दोर धरून मेंढा वेदीवरून ओढून न्यायचा. नसेल त्याने मांसाचा वाटा खायचा. खाल्लं की मान्य.

"दादा, मेंढासुद्धा तुझ्यासारखाच वाळलाय की!" ख्रेमोन म्हणाला.

"तुझी नजर लागली त्याला. धरतोस दोर?"

"सणासुदीला? मी कशाला मध्ये तोंड घालू?"

फानियासला डाव कळला. बायको अथेन्सचीच, हे सांगायला तिचा भाऊ आज साक्षीला उभा होता, म्हणून हा गप्प होता. आपण मातीत गेलो की हाच न्यायसभेत म्हणणार, मी कुठे मान्य केलं होतं?

शपथ झाली, सुरी फिरली, मांस भाजून वाटे निघाले. ख्रेमोन हळूच मागे सरकू लागला. फानियासने मांडीचा तुकडा उचलला आणि धापा टाकत त्याची वाट अडवली.

"पोट बिघडलंय रे, दादा."

"मघाशी वारुणी ढोसताना ठणठणीत होतं!" कुणीतरी ओरडलं. भावकी हसली.

"दोर धरला नाहीस, वाटाही नको," फानियास म्हणाला. "मग आलास कशाला? माझ्या मढ्याचं माप घ्यायला? खा. नाहीतर माझ्या बायकोला इथे सगळ्यांसमोर दासी म्हण. तिचा भाऊ ऐकतोय."

मेव्हणा एक पाऊल पुढे आला.

ख्रेमोनने तुकडा हिसकावला. भावाच्या डोळ्यांत डोळे रोवून, जणू त्याचंच मांस असावं तसा एकेक धागा दातांनी तोडत तो चावू लागला.

"कच्चं राहिलंय."

"गिळ."

त्याने गिळलं. भावकीच्या प्रमुखाने कालिप्पोसचं नाव मोठ्याने पुकारलं. फानियासला मात्र स्वतःचा वाटा घशाखाली उतरेना. तो खोकत खाली बसला. तोंड पुसत निघालेला ख्रेमोन त्याच्या पायाशी थुंकला.

"आता थुंकून काय उपयोग?" फानियास म्हणाला. "पोटात गेलं ते गेलं."