पाटीचं गाणं, ढोलकीविना

राहात्याच्या भीमजयंतीत ऐन गाण्यात रंभाजींचा माईक मेला आणि कुणाला पत्तासुद्धा लागला नाही.

आता काय म्हणावं याला! ढोलकी फुटेस्तोवर वाजतेय, समोर पोरं-बाया बेभान नाचताहेत आणि गाणाऱ्याचा आवाज पहिल्या रांगेलाही पोचत नाही. रंभाजींनी मुद्दाम तोंड मिटून पाहिलं. तरी नाच चालूच. वर एकजण येऊन सांगतो, "दादा, आज आवाज काय लागला हुता तुमचा!"

दुसऱ्यानं हसण्यावारी नेलं असतं. रंभाजींच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. अठरा वर्षं हेच गाणं, शाळेच्या पाटीचं, त्यांना पोसत होतं. केडगावातलं घर, गायन पार्टीतल्या पाच जणांची चूल, सगळं त्याच्यावर. कुठल्याही जयंती कमिटीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "पाटी होनार ना?" मग ही माणसं इतकी वर्षं ऐकत तरी काय होती?

त्यांनी प्रज्ञाला विचारलं. लेक पार्टीत हार्मोनियम वाजवते आणि बापाइतकीच फटकळ आहे.

"ढोलकी ऐकतात पप्पा. तुम्ही तिच्याखाली दबलाय."

"मग ढोलकी काढली तर?"

"तर कमिटीवाले आपल्याला काढतील."

रंभाजी हसले खरे. साठीला टेकलेल्या माणसानं नवं नाव कुठून कमवायचं? तरी करून बघितल्याशिवाय चैन पडेना. आठ दिवस दार लावून बापलेक बसले. लय निम्म्यावर आणली, हार्मोनियमचा नुसता सूर धरला. ढोलकीवाला सम्राट फुगून बसला. "मी काय आता टाळ्या वाजवू?"

"वाजव," रंभाजी म्हणाले. "पण हळू."

पुढचा कार्यक्रम पाथर्डीकडच्या एका वस्तीवर होता. तिथली जयंती मे महिन्यात असते, कारण एप्रिलात अर्धी वस्ती ऊसतोडीलाच असते. रंभाजींनी पाटी सुरू केली तसे कमिटीचे काकासाहेब पळत स्टेजपाशी आले. "अहो, ढोलकी बिघडली का काय?" मागून शिट्ट्या आल्या. नाचायला कंबर कसून आलेली पोरं वैतागून उठून गेली. पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

तिसऱ्या कडव्यात लेक झोपल्यावर अडाणी आई तिची पाटी मांडीवर घेते आणि अक्षरांवरून बोट फिरवत बसते. ते कडवं आलं तेव्हा शिट्ट्या थांबल्या होत्या. गाणं संपलं. कुणी नाचलं नव्हतं, टाळीही पडली नाही. संपलं सगळं, आपल्या हातानं घालवलं, असं रंभाजींना वाटलं.

तेवढ्यात वस्तीवरची, ऊसतोडीला जाणारी गोजरबाई पुढं आली. हाताला कोयत्याचे घट्टे, पदर कमरेला खोचलेला.

"दादा, हे नवं गानं कवा केलं?"

"नवं नाही मावशी. पाटीचंच आहे."

"छा! त्याच्यावर तर मी दर साली नाचती. त्यात आई कुठं हुती?"

"पहिल्यापासून होती."

गोजरबाई चांगली चिडून म्हणाली, "मंग इतकी वर्सं दाबून का ठिवली तिला?"

रंभाजींचे डोळे भरून आले. प्रज्ञानं न सांगताच पुन्हा सूर धरला आणि गोजरबाई स्टेजला टेकून खाली बसली.