तीनशे वेढे

तात्यांनी सकाळपासून तिसरी कॉइल गुंडाळायला घेतली आणि दीक्षाला पुन्हा गप्प बसावं लागलं.

उद्यमनगरातल्या या वाइंडिंगच्या दुकानात एकच नियम कडक होता: वेढे मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. पंख्याच्या एका कॉइलला तांब्याच्या तारेचे तीनशे वेढे. मधेच कुणी चहाचं विचारलं तरी आकडा निसटायचा आणि सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरुवात. गारगोटीहून पंखा घेऊन आलेलं गिऱ्हाईकसुद्धा दारात थांबून आधी तात्यांच्या ओठांकडे बघायचं.

दीक्षाला मात्र आज सांगायचंच होतं. एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं तिला सोमवारपासून बोलावलं होतं. पगार इथल्या दीडपट. तिथं वाइंडिंग नव्हतंच. जळालेला भाग काढायचा, नवा बसवायचा.

अकरा वर्षांपूर्वी ती आली तेव्हा इथं पाच जण मोजत बसायचे. पाच तोंडांची कुजबुज, वार्निशचा वास, तारेवर पडलेलं दुपारचं ऊन. आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी बसलोय, असं तिला वाटायचं. मग बरा पगार बघून एकेक जण गेला. आता उरले होते दोघंच. तात्यांना एकटं टाकायचं म्हटलं की तिचा जीव तुटायचा. पण अक्षताचं, तिच्या लेकीचं, शिक्षण या पगारात भागत नव्हतं.

गुंडाळायच्या यंत्राची मूठ फिरत होती. ऊन पायरीवरून आत सरकलं. बघता बघता दीक्षाची तंद्री लागली आणि त्या तंद्रीतच तिच्या ध्यानात आलं, तात्यांचे ओठ हलत नाहीत. हात तेवढा फिरतोय. कॉइल साच्याच्या कडेबाहेर फुगली होती.

"तात्या, थांबा की! किती झालं?"

मूठ थांबली. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेला तो माणूस कॉइलकडे बघत राहिला.

"कोण मोजतंय?" तात्या म्हणाले. "हात थांबला की तू बोलणार, म्हणून फिरवत बसलो. सेंटरवाल्यांनी माझ्याकडंच चौकशी केलती. सोमवारपासनं न्हवं?"

"व्हय."

"जा की मग. तेवढा पगार मला जमायचा न्हाय."

ते उठले आणि आपलं स्टूल त्यांनी तिच्याकडे सरकवलं.

"बस हितं. ही कॉइल तू कर. आन् मोठ्यानं मोज. ऐकू दे जरा."

तिनं सगळी तार उलगडली आणि मूठ धरली. तात्या भिंतीला टेकले, डोळे मिटले. एक, दोन, तीन. शेजारच्या लेथचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं हळूहळू लांब गेलं. शंभर. तात्यांचा चेहरा सैलावला. दोनशे. रिकाम्या स्टुलांवर बसून आणखी कुणीतरी मोजतंय, असा तिला भास झाला.

दोनशे नव्वदला तिचा हात मंदावला. दोनशे अठ्ठ्याण्णव. दोनशे नव्व्याण्णव.

"तात्या, चुकलं," ती म्हणाली.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मग पयल्यापासनं घे की."