वहीत न आलेली मानमोडी

"मानमोडी दिसली?" साडूंनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही हो," मी म्हणालो.

मी तिच्याकडेच बघत होतो. वाळक्या फांदीवर सालीच्याच रंगाची मानमोडी बसली होती आणि आपल्या नावाला जागून मान गरगरा फिरवत होती. माझ्या अकराव्या दुर्बिणीतून तिच्या पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या.

"उजवीकडची दुसरी फांदी. टोकापासून वीतभर आत."

"फांदी दिसतेय. पक्षी काही दिसत नाही."

तेवढ्यात ती उडाली. मास्तरीणबाई वही घेऊन तळ्याच्या पलीकडून येईपर्यंत फांदी रिकामी होती.

आमच्या रविवारच्या मंडळीत मास्तरीणबाईंचा एक नियम आहे. पक्षी दोघांनी पाहिला तरच वहीत चढतो. एकट्याने पाहिलेला पक्षी म्हणजे एकट्याने पाहिलेलं स्वप्न, असं त्या म्हणतात. साडूंच्या नावावर नव्व्याण्णव पक्षी होते. शंभर झाले की तळ्याच्या फाटकावरच्या फळ्यावर नाव रंगवतात. आजवर त्या फळ्यावर फक्त बाईंचं नाव आहे. माझ्या नावावर एकतीस पक्षी आहेत आणि त्यातली एक कोंबडी असावी असा बाईंना संशय आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारा जन्म त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढला. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर तोच कान त्यांनी झाडांना लावला. मला या नादाला त्यांनीच लावलं. माझं चष्म्यांचं दुकान. काच हा माझा प्रांत. पक्षी ओळखता येईनात, तेव्हा मी दुर्बीण बदलली. तरी येईनात, म्हणून आणखी एक घेतली. पहिल्या चार माळ्यावर मावल्या. पुढच्यांसाठी बायकोने कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला आणि त्याचं भाडं म्हणून रोज एक टोमणा वसूल करू लागली.

साडूंकडे एकच दुर्बीण. तिच्या डाव्या नळीत बुरशी धरलेली, पट्ट्याच्या जागी सायकलची ट्यूब. "आणून द्या, साफ करून देतो," असं मी तीन वर्षांपूर्वी म्हणालो होतो. त्यांनी लगेच आणून दिली होती. महिनाभर दुकानात ठेवून मी ती जशीच्या तशी परत केली. बुरशी जुनी आहे, निघत नाही म्हणून सांगितलं. ती दहा मिनिटांत निघाली असती.

सासुरवाडीत काहीही बिघडलं की भाऊजींना, म्हणजे साडूंना, बोलवा. नळ गळला, भाऊजी. लग्न जमेना, भाऊजी. माझ्याकडे लोक फक्त चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळून घ्यायला यायचे.

त्या रविवारी बाईंनी साडूंना विचारलं, नक्की मानमोडीच होती का? साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुर्बिणीची काच पुसत होतो. मग ते म्हणाले, राहू द्या बाई, माझाच काहीतरी घोटाळा झाला असेल.

मंगळवारी ते दुकानात आले आणि तपासणीच्या खुर्चीत बसले.

"डोळे बघा जरा. तुम्ही एवढ्या चांगल्या दुर्बिणीतून बघत होता. तुम्हाला नाही दिसली, म्हणजे ती नव्हतीच. मला मात्र चांगली मान वळवताना दिसली. नसलेलं दिसायला लागलं म्हणजे पंचाईत आहे."

मी एक डोळा झाकला. त्यांनी सगळा तक्ता वाचला. दुसरा झाकला. त्यांनी तो पुन्हा वाचला आणि तळाशी छापखान्याचा पत्ता असतो, तोही वाचून दाखवला. इतकी वर्षं तो तक्ता माझ्या भिंतीवर आहे. तिथे पत्ता आहे हे मला त्या दिवशी कळलं.

खरं सांगून टाकावं असं मनात आलं. आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. तोंडसुद्धा उघडलं होतं. एवढ्यात बायको चहा घेऊन घरातून दुकानात आली. सगळं ऐकून ती मला म्हणाली, "बघा. डोळे गेले तर भाऊजी आपण होऊन कबूल करतात. तुम्हाला जन्मात जमलं नसतं."

म्हणजे डोळे जाण्यातही तेच सरस.

"शेवटच्या ओळीत थोडं चुकताय," मी म्हणालो. "बारीकसा नंबर आलाय. घाबरण्यासारखं काही नाही."

साडू लगेच "बरं" म्हणाले. एवढा शहाणा माणूस, पण वाद घातला नाही. मी चांगली फ्रेम काढली आणि तिच्यात साध्या काचा बसवल्या, खिडकीला असतात तशा. चष्मा चढवून त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खरंच की हो. बराच फरक आहे."

पुढच्या रविवारी ते चष्मा लावून आले. मास्तरीणबाई म्हणाल्या, चेहरा भारदस्त दिसतो. साडूंनी सगळ्यांना सांगितलं की यांनी वेळेवर पकडलं म्हणून बरं. माझ्याविषयी इतकं चांगलं इतक्या लोकांसमोर पहिल्यांदाच बोललं गेलं.

मग आम्ही दोघे पाणकणसांच्या कडेला उभे असताना आतून एक बारीक, किरकिरा आवाज आला. साडूंची मान तिकडे वळली. बोटही अर्धं वर गेलं. नंतर त्यांनी ते खाली घेतलं.

"काहीतरी आहे वाटतं," मी दबक्या आवाजात म्हणालो. "काय आहे?"

"तुम्ही बघा. माझं काही खरं नाही आता."

"अहो, पण आवाजावरून तरी सांगा."

"नको. उगाच बाईंची वही खराब व्हायची. तुम्ही सांगा, मी बघतो."

मी दुर्बीण लावली. पाणकणसाच्या दांड्याला धरून एक बोटभर तपकिरी पक्षी झुलत होता. डोळ्यावर फिकट पट्टी, शेपटी सारखी वर. पीसन् पीस दिसत होतं. हा कोण, ते मला ठाऊक नव्हतं.

शेजारी साडूंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने त्या साध्या काचा नीट पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि मी नाव सांगायची वाट बघत उभे राहिले.